टोल्युइनमधला आकडा

टोल्युइनमध्ये मोजलेला आकडा पाण्यात तसाच राहत नाही, हे रसायनशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी सांगेल. मलाही ते ठाऊक होतं. तरी कॅन्सरच्या प्रकाशोपचारासाठी रेणू तयार करताना मी त्याच आकड्यावर विसंबले, तो अहवालात ठळक अक्षरांत लिहिला आणि डोळ्यांना जे दिसत होतं ते अहवालाबाहेर ठेवलं. त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली. या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना ती कळावी, म्हणून हे लिहिते आहे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. खाली लेथचं वर्कशॉप, वर आमचे फ्यूमहूड. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या वसाहतींमध्ये वागळे इस्टेट होती. पुढे इथले बरेच कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या आयटी इमारती आल्या. पण आतल्या रस्त्यांवर लहान उद्योग अजून तग धरून आहेत. आमचा धंदा ऑर्डरप्रमाणे रेणू बनवून देण्याचा. कुणाला औषधाच्या साखळीतला मधला पदार्थ हवा असे, कुणाला संशोधनासाठी थोडा शुद्ध नमुना.

माझं शिक्षण रंगरसायनाचं आणि आधीची नोकरी डोंबिवली एमआयडीसीत, कापडाच्या रंगांची. तिथे रंगाची परीक्षा सरळ असते. तो धाग्यावर पक्का बसला पाहिजे, धुण्यात उतरता कामा नये, उन्हात विटता कामा नये. काही पिवळे आणि नारिंगी व्हॅट रंग स्वतः टिकतात, पण उन्हात सुती धागाच कमजोर करून टाकतात. रंगाने प्रकाश शोषून आसपासच्या वस्तूची मोडतोड करावी, हा कापडाच्या धंद्यात दोष. प्रकाशोपचारात मात्र नेमकं हेच हवं असतं. त्यामुळे हे काम समोर आलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला अर्धं येतंच आहे. सगळ्या चुकांची सुरुवात या समजुतीत होती.

उपचाराचं तत्त्व जुनं आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फोन टापाइनर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आढळलं की ॲक्रिडिन या रंगाने पॅरामीशियम मरतात ते उजेड असेल तेव्हा. तोच रंग, तीच मात्रा, पण अंधार असेल तर ते बराच काळ जगतात. हे १९०० साली छापून आलं. पुढे या परिणामाला ऑक्सिजन लागतो हेही स्पष्ट झालं. रंग प्रकाश शोषतो, उत्तेजित होतो आणि काही रंगांमध्ये ती ऊर्जा ट्रिपलेट नावाच्या जास्त काळ टिकणाऱ्या अवस्थेत उतरते. ही अवस्था शेजारच्या साध्या ऑक्सिजनला ऊर्जा देते आणि त्याचा सिंगलेट ऑक्सिजन होतो. तो अतिशय क्रियाशील असतो. प्रथिनं, पेशीपटलातली मेदाम्लं, जे जवळ असेल त्यावर तुटून पडतो. अमेरिकेत बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये थॉमस डॉगर्टी यांनी १९७० च्या दशकात हे तंत्र रुग्णांपर्यंत नेलं. त्यातून आलेल्या फोटोफ्रिनला १९९३ साली कॅनडात आणि १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

आमच्याकडे मागणी आली ती तोंडाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या एका संशोधन गटाकडून. त्यांना धातू नसलेला, सेंद्रिय, नव्या घडणीचा प्रकाशसंवेदक हवा होता. तोंडातला व्रण डोळ्यांना दिसतो, तिथे प्रकाश थेट टाकता येतो, आणि शस्त्रक्रियेत जबडा किंवा जिभेचा भाग जातो तसं इथे होत नाही. आमच्या खालच्या वर्कशॉपमध्येही दिवसभर तंबाखू-चुना मळणारे हात होते. हे काम कुणासाठी आहे ते समजायला मला लांब जावं लागत नव्हतं, आणि म्हणूनच मी ते जीव लावून करायचं ठरवलं.

मी बोडिपी निवडला. १९६८ साली ट्राइब्स आणि क्रॉयझर यांनी पहिल्यांदा बनवलेला हा रंग रंगरसायनाच्या माणसाला मोहात पाडतो. द्रावण नारिंगी, आणि दिव्याखाली धरलं की हिरवी झळाळी. पण झळाळी म्हणजे ऊर्जा प्रकाशाच्या रूपात परत गेली. उपचाराच्या दृष्टीने ती वाया गेली. त्यावर तोडगा आयोडीनचा. रेणूच्या २ आणि ६ क्रमांकांच्या जागी आयोडीन बसवलं, की त्या जड अणूमुळे रेणूला ट्रिपलेट अवस्थेत उतरणं सोपं होतं, झळाळी जवळपास विझते आणि सिंगलेट ऑक्सिजन भरपूर तयार होतो. टोकियो विद्यापीठातल्या तेत्सुओ नागानो यांच्या गटाने २००५ साली हे दाखवलं होतं. मी तो रेणू बनवला. सिंगलेट ऑक्सिजनची उत्पत्ती ०.८ च्या आसपास आली, म्हणजे शोषलेल्या दर दहा फोटॉनांमागे जवळजवळ आठ रेणू. मी खूश झाले.

हा रेणू प्रकाश शोषत होता ५३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवा. हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच गिळतं. तो ऊतींमध्ये जेमतेम एखाद मिलिमीटर शिरतो. तांबडा काही मिलिमीटर जातो. या उपचारासाठी साधारण ६०० ते ८५० नॅनोमीटरची खिडकी उपयोगाची मानतात. तिच्या पलीकडे प्रकाश आणखी खोल जाऊ शकतो, पण सिंगलेट ऑक्सिजन बनवायला लागणारी मोलमागे ९४ किलोज्यूल ऊर्जा ट्रिपलेट अवस्थेत उरत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण आकडा इतका देखणा होता की ‘आधी तत्त्व सिद्ध करू’ असं म्हणत मी तोच नमुना पेशींवरच्या चाचणीला पाठवला.

तिथे दुसरी चूक झाली. पेशी जगल्या की मेल्या हे पाहायला एमटीटी चाचणी करतात. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान बनवतात आणि तो जांभळा रंग ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. माझ्या रंगाच्या शोषणाची शेपूट तिथपर्यंत येत होती. पेशींना चिकटून तो गुठळीच्या रूपात राहिला की शेपूट आणखी रुंद व्हायची. म्हणजे प्लेटच्या ज्या खाचांमध्ये रंग जास्त, तिथे पेशी मेलेल्या असल्या तरी यंत्राला रंग दिसायचा आणि निकाल यायचा ‘जिवंत’. अंधारात ठेवलेल्या प्लेटमध्ये मात्रा वाढवली तरी पेशींना काही होत नाही, असा निष्कर्ष निघाला. हा रेणू अंधारात निरुपद्रवी आहे, असं आम्ही लिहिलं. चाचणी त्या गटाने केली होती, पण रंगाचा वर्णपट माझ्या फाइलमध्ये होता. तो ५७० ला किती शोषतो हे त्यांना कळवणं आणि पेशी नसलेल्या, नुसता रंग असलेल्या खाचा ठेवायला सांगणं हे माझं काम होतं. पुढे तशा खाचा ठेवून तो रंग वजा केला, तेव्हा जास्त मात्रेला अंधारातही पेशी मरत असल्याचं दिसलं.

प्रकाशाचा पुढचा घोटाळाही माझाच. पुढच्या रेणूसाठी तांबडा दिवा हवा होता. लॅमिंग्टन रोडवरून एलईडी आणले आणि त्यांच्यामागे बसवायला ॲल्युमिनियमची जाड प्लेट खालच्या वर्कशॉपमधल्या फोरमनकाकांकडून कापून घेतली. त्यांनी दिवा चालू करून समोर पेशींची रिकामी प्लेट ठेवली आणि थोड्या वेळाने तिच्यावर तळवा टेकवला.

“ताई, ही गरम लागतेय. यात काय ठेवणार?”

“पेशी. पण काका, हा तांबडा प्रकाश आहे, यात उष्णता नसते.”

“उष्णता नसती तर मागची प्लेट तापली नसती. पंखा लावा, नाहीतर दिवा लांब घ्या.”

मी दिवा तसाच पाठवला. तापमान ४२ अंशांच्या वर गेलं की पेशी नुसत्या उष्णतेनेही मरू लागतात. ज्या खाचांमध्ये रंग नव्हता, फक्त प्रकाश होता, तिथेही काही पेशी मेल्या होत्या. त्याला आम्ही ‘कडेच्या खाचांमधलं बाष्पीभवन’ असं नाव देऊन पुढे गेलो. एक साधा थर्मामीटर तिथे ठेवला असता तर महिनोन्‌महिन्यांचे आलेख फेकावे लागले नसते.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे येते.

बोडिपीचं शोषण तांबड्याकडे न्यायची पद्धत ठरलेली आहे. रेणूच्या ३ आणि ५ या जागांवरच्या मिथाइल गटांशी बेंझाल्डिहाइडच्या जातीचा पदार्थ जोडायचा. टोल्युइनमध्ये पिपरिडीन आणि ॲसिटिक आम्ल घालून उकळत ठेवायचं आणि निघणारं पाणी डीन-स्टार्कच्या नळीत गोळा होऊ द्यायचं. फ्लास्कमधला तांबडा रंग आधी जांभळा होतो, कारण एक बाजू जोडली गेलेली असते, आणि मग निळसर हिरवा. टीएलसीच्या पट्टीवर जांभळा ठिपका मावळत जातो आणि हिरवा गडद होत जातो, हे बघण्याचा आनंद आजही मला कमी झालेला नाही. हा रेणू ६६० नॅनोमीटरच्या जवळ शोषत होता. टोल्युइनमधला सिंगलेट ऑक्सिजनचा आकडा पुन्हा चांगला आला. तरंगलांबी मनासारखी, आकडा मनासारखा. मला वाटलं, झालं.

पण दोन आयोडीन आणि दोन्ही बाजूंना सपाट बेंझीनची कडी असा हा रेणू, रेणुभार ७५० च्या वर, आणि पाण्याशी जमेल असा एकही गट त्यावर नाही. डीएमएसओ या विद्रावकात तो सुरेख विरघळला. मी त्याचा थेंब पेशींच्या पोषक माध्यमात सोडला. क्षणभर हिरवा ढग दिसला, मग द्रावण मळकट झालं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं तर वरचा द्रव जवळपास स्वच्छ आणि नळीच्या टोकाला गडद हिरवा गाळ. वरच्या द्रवाचा वर्णपट घेतला तर ६६० चा उंच शेंडा बसलेला, त्याच्या जागी बुटकी, पसरट टेकडी.

त्याचा अर्थ मला माहीत होता. सपाट रेणू पाण्यात एकमेकांना चिकटून थर लावतात. अशा गुठळीत उत्तेजित रेणूची ऊर्जा शेजारच्या रेणूत जाऊन उष्णतेच्या रूपात संपते. ट्रिपलेट अवस्थेपर्यंत फारसं काही पोहोचत नाही, आणि गुठळीच्या आतल्या रेणूंना ऑक्सिजनही मिळत नाही. टोल्युइनमधला तो आकडा सुट्या, मोकळ्या रेणूंचा होता. पेशीत मोकळे रेणू मिळणारच नव्हते.

त्या दिवशी मी अहवालात लिहायला हवं होतं, ‘हा पदार्थ जलीय माध्यमात विरघळत नाही.’ मी बाटलीच्या लेबलवर लिहिलं, ‘वापरण्यापूर्वी चांगलं हलवून घ्यावं.’

का लिहिलं? डिलिव्हरीची तारीख आली होती. हा रेणू बाद म्हटला तर ऑर्डर जाईल, अशी भीती होती. आणि खरं कारण याहून खोल होतं. तो रेणू मला आवडला होता. त्याचा दोष लिहिणं जिवावर आलं होतं.

त्या गटाने बाटली हलवून घेतली. प्राण्यांवरील प्रयोगांसाठीच्या नैतिकता समितीची परवानगी मिळवून त्यांनी उंदरांना शेपटीच्या शिरेतून ते द्रावण दिलं. काही उंदीर इंजेक्शननंतर थोड्याच वेळात दगावले. शवविच्छेदनात फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये हिरवट कण अडकलेले सापडले. शिरेतून गेलेलं रक्त हृदयातून आधी फुप्फुसांतच जातं. गुठळ्या तिथेच अडकणार होत्या. प्रकाश टाकायची वेळच आली नाही.

गटप्रमुखांचा फोन आला तेव्हा त्यांना वाटत होतं, मात्रा चुकली असावी. मी म्हणाले, “सर, यात गाळ बसतो हे मला पाठवण्याआधीच माहीत होतं.”

“मग लेबलवर तसं का नाही लिहिलंत?”

माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. मी सेंट्रिफ्यूजच्या नळीचा फोटो आणि पाण्यातला वर्णपट त्याच संध्याकाळी त्यांना पाठवला. त्यांनी काम थांबवलं, ते योग्यच होतं. ते प्राणी ज्या प्रश्नासाठी वापरले गेले, त्याचं उत्तर माझ्या टेबलावरच्या नळीत आधीपासून होतं. ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही आणि जाऊ नये.

पुढे आम्ही पुन्हा काम सुरू केलं तेव्हा मी जुनी टिपणं काढून बसले. अंकाऱ्याच्या एन्गिन अक्काया यांच्या गटाने २००६ सालीच बोडिपीच्या याच डायस्टायरिल प्रकाराला पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून तो पाण्यात विरघळवला होता. तो निबंध माझ्या फाइलमध्ये होता, त्यावर माझ्या हाताने ओळीही मारलेल्या होत्या. पण साखळ्या मला शोभेच्या वाटल्या होत्या. माझं सगळं लक्ष मधल्या रंगाच्या गाभ्यावर होतं. कापडाच्या धंद्यात रंग पाण्यातून धाग्यावर न्यायला सल्फोनिक गट लावायचा, ही पहिली शिकवण. तीच मी इथे विसरले होते. आता आम्ही साखळ्या असलेला ॲल्डिहाइड वापरला. टोल्युइनमधला आकडा थोडा उतरला. सीरम घातलेल्या माध्यमात मात्र वर्णपटाचा शेंडा उभा राहिला, गाळ बसेना, आणि पेशींवरचा परिणाम पहिल्यांदा विश्वास ठेवावा असा आला.

तरीही तो रेणू औषध नव्हता. सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात काही मायक्रोसेकंदच टिकतो, आणि पेशीत त्याहून कमी. तेवढ्यात तो काही दशांश-शतांश मायक्रोमीटरच जातो. पेशी वागळे इस्टेटएवढी धरली, तर एका गाळ्यात तयार झालेला सिंगलेट ऑक्सिजन शेजारच्या एकदोन गाळ्यांपलीकडे पोहोचत नाही. म्हणून रंग पेशीत कुठे जाऊन बसतो, मायटोकॉन्ड्रियात, लायसोसोममध्ये की नुसता बाहेरच्या पटलावर, यावर सगळं ठरतं. शिवाय आम्ही पेशी वाढवतो त्या इन्क्युबेटरमध्ये ऑक्सिजन मुबलक असतो. गाठीच्या आत तो फार कमी असतो, आणि उपचार चालू झाला की आणखी संपतो.

रंग शरीरातून किती दिवसांत जातो, हा प्रश्न तर मी सुरुवातीला विचारलाच नव्हता. फ्रीडरिश मेयर-बेट्झ या जर्मन डॉक्टरांनी १९१२ साली २०० मिलिग्रॅम हेमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. उन्हात जाताच त्यांचा चेहरा आणि हात सुजले, आणि प्रकाशाची ती संवेदनशीलता कित्येक आठवडे राहिली. फोटोफ्रिन घेतलेल्या रुग्णांनाही महिनाभर तरी ऊन टाळायला सांगतात. ज्या माणसाला रोज चेकनाक्यावर बससाठी उभं राहायचं आहे, ज्याचा रोजगार उघड्यावरच्या कामाचा आहे, त्याला महिनाभर उन्हात जाऊ नका असं सांगणं म्हणजे त्याची कमाई बंद करणं. रेणूची रचना करतानाच हा माणूस डोळ्यांसमोर हवा.

आपल्याच देशातल्या एका कामाने मला या बाबतीत बरंच शिकवलं. अलीगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या तय्यबा हसन यांच्या गटाबरोबर, तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतल्या कॅन्सरवर प्रकाशोपचार केले गेले. रेणू नवा नव्हता. ५-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल दिलं की पेशी स्वतःच त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचा प्रकाशसंवेदक बनवतात, आणि तो शरीरातून लवकर निघूनही जातो. त्यांनी कष्ट घेतले ते स्वस्त, बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी दिव्यासाठी आणि तोंडाच्या आत तो नीट टेकेल अशा जोडणीसाठी. त्यांनी रुग्णाच्या तोंडापासून सुरुवात केली. मी फ्लास्कपासून केली होती.

आता माझ्या हाताखाली मुलं काम करतात, तेव्हा मी क्रम उलटा ठेवते. उपचार कुठे करायचा, तिथे कोणता प्रकाश पोहोचतो, रंग तिथवर कशातून जाणार, किती दिवसांनी बाहेर पडणार, हे आधी कागदावर लिहायचं. रेणूचं चित्र त्यानंतर काढायचं. नवा रंग हाती आला की त्याच दिवशी तो सीरमच्या माध्यमात टाकून फिरवायचा आणि नळीचा फोटो वहीत चिकटवायचा. कुठल्याही आकड्याशेजारी विद्रावकाचं नाव नसेल तर मी तो अहवाल परत करते. पेशींच्या प्लेटमध्ये नुसता रंग, नुसता प्रकाश आणि दोन्ही नाहीत अशा खाचा ठेवायच्या, आणि दिव्याखाली थर्मामीटर. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. ते मोडायला जो मोह लागतो तो पुस्तकात नसतो, म्हणून सांगते: तुमचा रेणू तुम्हाला फार आवडायला लागला की त्याची चाचणी दुसऱ्याच्या हाती द्या. आणि गाळ दिसला तर त्याच दिवशी समोरच्या माणसाला फोन करून सांगा. डिलिव्हरी उशिरा गेली तरी चालेल.